यवतमाळचं आरमार

नळ येणार असला की आमच्या ले-आउटमध्ये कोणी गावाला जात नाही. लग्नाला जात नाही. मयतीलाही घरटी एकच माणूस जातो, दुसरा बादल्यांपाशी थांबतो. आधी पिण्याचं, मग वापरायचं, मग कूलरचं, असा भांड्यांचा क्रम ठरलेला आहे. आमच्या घरी हल्ली या क्रमात आणखी एक भांडं घुसलं आहे: दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम. त्यातलं पाणी प्यायचं नाही, त्यात कपडे भिजवायचे नाहीत, तांब्याभर काढून तुळशीलाही घालायचं नाही. ते इंजिनासाठी आहे.

“कशाच्या इंजिनासाठी?”

“होडीच्या.”

इथे येणारा प्रत्येक जण थांबतो. आधी माझ्याकडे बघतो, मग ड्रमकडे, आणि शेवटी आवाज खाली आणून आमच्या हिला विचारतो, “वहिनी, सरांना झोप वगैरे लागते ना नीट?”

मी जन्मभर भूगोल शिकवला. यवतमाळहून कुठल्याही दिशेने सरळ रेघ ओढली तरी पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही, हे मला दुसऱ्याने सांगायची गरज नाही. आम्ही समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचावर राहतो. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर असा आकडा लिहितात ना, तेवढाच आमचा आणि समुद्राचा पत्रव्यवहार. पण जिल्ह्यात पाणीच नाही असं कोणी म्हणू नये. पैनगंगा आहे, वर्धा आहे, बेंबळा, अडाण, अरुणावती, पूस आहे. पावसाळ्यात नद्या गावात शिरतात आणि उन्हाळ्यात गाव नदीत शिरून झरे खोदतं. कळंबच्या चिंतामणीच्या कुंडात तर साक्षात गंगा अवतरते असं मानतात, पण तीही बारा वर्षांतून एकदा. त्या मानाने आमच्या नळाचं बरंच म्हणायचं. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह या दोन्ही धरणांनी तळ दाखवला, तेव्हा शहरातल्या माणसांना टँकरवाल्याचा नंबर पाठ होता आणि स्वतःच्या जावयाचा नव्हता. होडीला लागणारं सागवानही आमच्या जंगलात उभं आहे. होडी तेवढी नाही. म्हणून मी इंजिनापासून सुरुवात केली.

मुंबईला भाचीचं लग्न होतं. लग्नघरात पुरुषांना काम नसतं आणि बसायला खुर्चीही नसते, म्हणून मी जुन्या बाजारात फिरायला गेलो. तिथे भंगाराच्या ढिगात, एका मोडक्या शिलाई मशीनच्या आडून ती डोकावत होती.

“चालू आहे का?”

“एकदम चालू कंडिशन.”

“शेवटची कधी चालली?”

“मी घेतली तेव्हा बंदच होती. म्हणजे त्याच्या आधी.”

हे उत्तर मला तेव्हा तर्काला धरून वाटलं.

ती ब्रिटिश सीगल निघाली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पूल गावची. ही कंपनी जाहिरातीत आपल्या मोटरला साऱ्या जगासाठीची सर्वोत्तम आउटबोर्ड मोटर म्हणवून घ्यायची. साऱ्या जगात यवतमाळ येतं, एवढं तर मी शिकवलंच होतं. होडीच्या मागच्या फळीला शिकंज्याने आवळायची, वर इंजिन, खाली लांब दांडा, टोकाला पंखा. वर झाकण नाही, सगळी आतडी बाहेर. रिव्हर्स नाही. माझ्या मॉडेलला न्यूट्रलही नाही. चालू झाली की निघाली. डोक्यावर उघडं चाक, त्याच्या खाचेत दोरीची गाठ अडकवायची, दोरी गुंडाळायची आणि ओढायची. ओढली की ती पूर्ण सुटून हातात येते आणि तिचं दुसरं टोक मागे उभ्या असलेल्या माणसाला सणकन लागतं. मोटर सुरू होवो न होवो, हे मात्र दर वेळी होतं.

मोटर धामणगावला रेल्वेतून उतरवली आणि एसटीत चढवली. कंडक्टरने तिकिटाची मशीन बाजूला ठेवून विचारलं, “गुरुजी, हे काय होय?”

“होडीचं इंजिन.”

तो क्षणभर खिडकीतून आभाळाकडे बघत राहिला. “काहून, पुढं रस्ता वाहून गेला काय?”

घरी पोहोचलो तो शनिवार निघाला. शनिवारी लोखंड घरात आणू नये, हे थोरल्या ताईंनी फोनवरून बजावलं. मी म्हटलं, ताई, यात लोखंड कमी आणि ॲल्युमिनियम-पितळच जास्त. “तेल असेल ना त्यात? शनिवारी तेलही आणत नाहीत.” पुढे महिनोन्‌महिने मोटरमध्ये जे जे बिघाड निघाले, त्यांचं मेकॅनिकांना न जमलेलं निदान ताईंनी त्याच दिवशी करून ठेवलं होतं.

घरात विषयाला जरा इज्जत मिळावी म्हणून मी आमच्या हिला ओल एव्हिन्रूडची गोष्ट सांगितली. हा गडी नॉर्वेत जन्मला, अमेरिकेत वाढला. विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्याकाठी मंडळी सहलीला गेली असता बेसला, म्हणजे पुढे त्याची बायको झाली तिला, आइस्क्रीम खायची लहर आली. ओल भर उन्हात वल्हवत पलीकडे गेला आणि परत येईपर्यंत आइस्क्रीमचं दूध झालं. त्या तिडिकीतून त्याने होडीला लावायची मोटर काढली, असं सांगतात. १९०९ मध्ये दीड अश्वशक्तीची मोटर विकायलाही आणली. बेसने पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा तिला कॉफी दळायची चक्की म्हणाली, अशी आख्यायिका आहे. पण पुढे धंद्याचा कारभार तिनेच सांभाळला आणि वल्ही फेकून द्या म्हणणारी जाहिरातही तिनेच लिहिली. नवऱ्याच्या यंत्रावर बायकोने विश्वास ठेवला की काय होतं, हे मला सुचवायचं होतं.

ही शांतपणे म्हणाली, “त्याने बायकोच्या आइस्क्रीमसाठी मोटर केली. तुम्ही कुल्फी आणायला दत्त चौकापर्यंत जात नाही.”

शेजाऱ्यांचा संशय वेगळाच होता. आमच्याकडे नळाच्या तोटीला लपूनछपून जोडायचा एक छोटा पंप असतो, टिल्लू. तो ज्याच्याकडे असतो त्याच्या टाक्यात पाणी आणि बाकीच्यांच्या नळातून नुसती हवा. माझ्याकडे मोटर आली, ती ड्रमला लावतात आणि तिला पंखाही आहे, एवढी माहिती जमल्यावर एका संध्याकाळी शिष्टमंडळ आलं.

“सर, तुम्ही टिल्लू बसवला म्हणतात.”

“अहो, हे होडीचं इंजिन आहे.”

“तेच म्हणतो. एवढा मोठा टिल्लू कायले पायजे?”

मी पंखा फिरवून दाखवला. हा पाणी मागे ढकलतो, म्हणून होडी पुढे जाते. शिष्टमंडळातल्या एका निवृत्त तलाठ्याने मान डोलावली. “म्हणजे आमच्याकडचं पाणी तुमच्याकडे. बरोबर.” तेव्हापासून नळाला धार बारीक आली की आमच्या फाटकाकडे बघायची पद्धत पडली. मोटर त्या वेळी चार तुकड्यांत वर्तमानपत्रावर पसरलेली असे, तरीही.

माझा सगळा भरवसा टू-स्ट्रोकवर होता. १९७२ पासून लुनाच्या आणि त्याच्याही आधीपासून राजदूतच्या पाठीवर बसून ज्या जिल्ह्याने संसार केले, मुली पाहिल्या, कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे घरी आणले, त्या जिल्ह्यात टू-स्ट्रोक कळणारा माणूस मिळणार नाही हे शक्यच नव्हतं. आर्णी रोडवरचे एक मिस्त्री आले. त्यांनी मोटरभोवती एक प्रदक्षिणा घातली.

“इंजिन तं लुनाचंच भाऊ हाय गुरुजी. पण याले चाकं कुठी?”

ही शंका फिटल्यावर त्यांनी प्लग काढला, पायजम्याला पुसला, इंजिनाला टेकवला आणि मला दोरी ओढायला सांगितली. मी ओढली. दोरी त्यांना लागली. “करंट नाही,” ते गाल चोळत म्हणाले. आता कॉइल, पॉइंट बघायला चाक काढायचं, तर दहा-अकराचा पाना बसेना, बारा-तेराचा गोल फिरला. आपले पाने मिलिमीटरचे आणि तिचे बोल्ट जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या मँचेस्टरच्या कारखानदाराने १८४१ मध्ये ठरवून दिलेल्या इंची मापाचे. मिस्त्रींनी अवजारं गुंडाळली. “याले सुती पाने लागतीन. दोन सूत, तीन सूत. ते आता कोनाजवळ रायले?”

ते शकुंतलेजवळ राहिले होते. म्हणजे आमच्या यवतमाळ–मूर्तिजापूर छोट्या गाडीजवळ. तिचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ साली बनलेलं. १९२३ पासून ते गाडी ओढू लागलं आणि १५ एप्रिल १९९४ ला सुटलं. मग डिझेल आलं, मग गाडीच थांबली. त्या शेडमधून निवृत्त झालेले एक काका शहरात राहतात असं कळलं. ते आले ते जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेले सुती पाने घेऊन. फडकं त्यांनी अशा हलक्या हाताने सोडलं, की आमच्या हिने डोक्यावर पदर घेतला.

पाना बसला. बोल्ट हलला. सगळ्यांनी श्वास सोडला. आणि काकांनी पाना बोल्टवर तसाच ठेवून शकुंतलेच्या गोष्टी सुरू केल्या. गाडी यवतमाळहून अचलपूरला जायची, सुमारे १९० किलोमीटर, वीस तासांत. मी मनात भागाकार केला: तासाला साडेनऊ. सीगलवाली होडीही फार तर तासाला आठ-नऊ किलोमीटर जाते. हा वेग आमच्या जिल्ह्याच्या अंगवळणी पडलेला आहे हे पाहून मला हुरूप आला. काकांच्या गोष्टी मात्र त्याहून सावकाश चालत. मूर्तिजापूर यायच्या आत चहाच्या दोन फेऱ्या होत आणि बोल्ट अर्धा फिरलेला असे. दुसऱ्या कोणी पान्याला हात लावला की ते म्हणत, “राहू द्या, सवय लागते त्याची.” बोल्ट पूर्ण निघेपर्यंत ऋतू बदलला.

पण एक गोष्ट त्या काळात माझ्या लक्षात आली. आमच्याकडे एवढी माणसं यापूर्वी कधीच येत नसत. घरात चालू फ्रिज होता, चालू पंखे होते, चालू टीव्ही होता. ते बघायला कुत्रंसुद्धा आलं नाही. वर्तमानपत्रावर उघडी पडलेली मोटर बघायला मात्र सकाळी फिरायला जाणारे वळून आत येऊ लागले. प्रत्येकाला बिघाड कळत होता. बँकेतून निवृत्त झालेल्यांचं मत कार्बुरेटर. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांचं मत कॉइल. ट्रॅक्टरवाल्यांचं मत, इंग्रजांचा माल, त्यांनी जाताना मुद्दामच काही तरी काढून ठेवलं असणार. पुण्याच्या जावयांनी व्हिडिओ कॉलवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाबा, इलेक्ट्रिक घ्या ना.” यवतमाळात विजेवर भिस्त ठेवणाऱ्या माणसाशी पुढे काय बोलायचं? मी रेंज गेल्याचं नाटक केलं. संशयवाले तलाठीही रोज येऊ लागले. आधी पाळत ठेवायला येत, मग सल्ला द्यायला, आणि पुढे पुढे तर घरून पॉलिश पेपर घेऊन.

पेट्रोलची टाकी पितळेची होती. काळ्या थराखाली ते कळत नव्हतं. ते कळल्या क्षणी घरातली सत्ता बदलली. हिने टाकी उचलली, चिंचेच्या कोळाने घासली, राखेने घासली, पुन्हा चिंचेने घासली आणि उन्हात ठेवली. आता ती टाकी मोटरला परत द्यायची की नाही, यावर वाटाघाटी झाल्या. “तुमच्या इंजिनाला प्लास्टिकचा डबा बांधा. याच्यात मी निशिगंध ठेवीन.” शेवटी दसऱ्यापर्यंत टाकी देवघराच्या बाहेर शोभेला राहील आणि दसऱ्याला इंजिनावर बसेल, असा तह झाला. दसऱ्याला मोटरला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ चढली, आपट्याची पानं वाहिली. नमस्कार करणाऱ्यांत निम्मे टिल्लूवाले होते.

पेट्रोलपंपावरही प्रसंग झाला. जुन्या सीगलला दहास एक या प्रमाणात तेल लागतं. पूर्वी पंपावर टू-स्ट्रोकवाल्यांसाठी तेलाचं वेगळं यंत्र असे. ते आता नाही, म्हणून मी तेलाची बाटली घरून नेली आणि पोऱ्याला म्हटलं, या डब्यात एक लिटर पेट्रोल घाल आणि वर शंभर मिली हे तेल.

“एका लिटरले शंभर? काका, गाडी चालवता का भजे तळता?”

गिअरच्या पेटीत १४० नंबरचं घट्ट तेल लागतं. ते ट्रॅक्टरच्या दुकानात मिळालं. ही पेटी मुळातच गळकी. तेल थोडं बाहेर जाणार, पाणी थोडं आत येणार, असा तिचा स्वभाव. पाण्याशिवाय मोटर चालवली तर ती तापून अडकते, म्हणून ड्रम. आणि एकदा त्या ड्रममध्ये ती चालली की ते पाणी मोरीतसुद्धा ओतायच्या लायकीचं राहत नाही. हे मी हिला आधी सांगितलं नव्हतं. हिने ते पाणी कूलरसाठी मनात धरून ठेवलं होतं.

शेवटी कॉइल नीट बसली, पॉइंट घासले गेले, कार्बुरेटरच्या जेटमधून कुठल्या तरी परदेशी भुंग्याचं घर निघालं आणि मुहूर्त ठरला. ड्रम भरला. त्याच्या काठावर फळी आवळून मोटर बसवली. काका, मिस्त्री, तलाठी, बँकवाले, सगळे गोल करून उभे राहिले. दोरीचा अनुभव असलेले जरा लांब. मी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. तलाठ्यांचा चष्मा पडला. मिस्त्रींनी कार्बुरेटरवर तळहात धरला, काकांनी मनातल्या मनात शिट्टी वाजवली असावी, आणि सीगल धडाडली.

पहिल्यांदा निळा धूर आला. मग आवाज. मग पाणी. पंख्याला होडी ढकलायची सवय. इथे ढकलायला फक्त ड्रम होता आणि तो हलेना. तेव्हा तिने पाणी वर पाठवलं. नळाच्या किती तरी वारांची कमाई आमच्या डोळ्यांदेखत गच्चीच्या उंचीला गेली आणि बँकवाल्यांच्या अंगावर उतरली. न्यूट्रल नाही हे मी वर सांगितलंच आहे. धूर गल्लीभर पसरला. पलीकडच्या रांगेतल्या घरांच्या खिडक्या धडाधड लागल्या, लहान मुलं धुरात नाचायला धावत आली आणि एक आजी फाटकाशी येऊन म्हणाल्या, “बरं झालं बाबा, कोणी तरी आलं एकदाचं डासांची फवारणी करायले. आमच्या मागच्या नालीकडे बी मारून दे.”

त्यांना नाही म्हणवेना. पण मोटर ड्रमसकट तिकडे नेणं शक्य नव्हतं.

सीगल चालली. जगासाठीची सर्वोत्तम मोटर यवतमाळात चालली. त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचं आधण जास्त ठेवायला सांगितलं आणि अंगणात बसलो. कोणी आलं नाही. फिरायला जाणारे फाटकासमोरून सरळ गेले. तलाठी भेटले तर म्हणाले, “झाली ना चालू? छान झालं,” आणि पिशवी घेऊन भाजीला निघून गेले. काकांचे पाने धोतराच्या फडक्यात परत बांधले गेले. चालू झालेल्या मोटरशी बोलण्यासारखं कोणाकडे काही उरलंच नव्हतं.

तेव्हा मी म्हटलं, आता होडी. मोटर रिक्षात घालून खडकसावंग्याच्या बेंबळा धरणावर गेलो. काठावर एक मच्छीमार दादा जाळं साफ करत बसले होते. त्यांनी मोटर डोळे भरून पाहिली.

“ब्येस हाय. याले मांगून फळी पायजे.”

“तुमच्या होडीला नाही का?”

त्यांनी हात केला. पाण्यावर थर्माकोलची जाड लादी तरंगत होती, वर प्लास्टिकचा कागद आवळलेला. “हेच आमचं जहाज. याले मोटर बसवली तं मोटर पुढं जाईन आन्‌ मी इथंच राहीन.”

“लाकडी डोंगा नव्हता का कधी?”

“होता ना. बापाचा होता.”

“मग?”

“जाळला. दोन हिवाळे पुरला.” मग त्यांना माझी दया आली असावी. “आन्‌ खरं सांगू का गुरुजी, एवढ्या आवाजानं मासे तेलंगणात जातीन. आमाले तं खोकला बी दाबून धरा लागते.”

परत येताना रिक्षावाल्याने विचारलं, “विकायची का?” मी उत्तर दिलं नाही.

घरी आल्यावर मी मोटर अंगणात, रस्त्यावरून नीट दिसेल अशा बेताने, वर्तमानपत्रावर आडवी केली. कॉइल काढून ठेवली. पॉइंट सैल केले. कार्बुरेटर उघडून त्याची सुई बशीत ठेवली. संध्याकाळ व्हायच्या आत तलाठी आत आले, गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, “मी तेव्हाच म्हटलं होतं, फार दिवस नाही टिकायची.” बँकवाले आले. मिस्त्री आले. काकांनी फडकं सोडलं आणि गाडी यवतमाळहून पुन्हा सुटली. हिने कोणालाही न विचारता चहा टाकला, आणि जाता जाता पितळी टाकी हळूच उचलून निशिगंधासाठी आत नेली.

वाचकांना एवढीच विनंती आहे. कोणाच्या परड्यात किंवा नातेवाइकांकडे जुनी लाकडी होडी पडून असेल, तर कृपया मला कळवू नका. सुती पाने असतील तर जरूर घेऊन या. घर आर्णी रोडला विचारलं तर कोणीही सांगेल. फक्त होडी न म्हणता टिल्लूवाले सर म्हणा. आणि नळाचा वार टाळून या.